सुंग पर्वतावरील सुवर्णपत्र

चीनच्या प्रदीर्घ इतिहासात राणी, राजमाता किंवा बालराजाची पालक या नात्याने सत्ता गाजविणाऱ्या स्त्रिया अनेक होऊन गेल्या. परंतु ‘हुआंगदी’ म्हणजे सम्राट ही पदवी स्वतः धारण करून, स्वतःच्या राजघराण्याची घोषणा करून सिंहासनावर बसलेली आणि इतिहासाने सम्राट म्हणून मान्य केलेली स्त्री एकच. तिला आपण वू झेत्यान या नावाने ओळखतो. इ. स. ६२४ मध्ये तिचा जन्म झाला आणि इ. स. ७०५ च्या डिसेंबरात तिचे निधन झाले. पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा प्रवासी ह्युएन त्संग इ. स. ६४५ मध्ये चीनच्या राजधानीत परतला, त्या वेळी ही तरुणी तेथील राजवाड्यात एक कनिष्ठ दर्जाची उपपत्नी म्हणून राहत होती, एवढे सांगितले म्हणजे तिचा काळ वाचकांच्या ध्यानी येईल.

या स्त्रीच्या जीवनावर नाटके, चित्रपट आणि दूरदर्शन मालिका वारंवार निघाल्या. इ. स. १९९५ मध्ये ल्यू श्यावछिंग या अभिनेत्रीने साकारलेली सम्राज्ञी चीनमध्ये घरोघरी पाहिली गेली. त्यानंतर २१ डिसेंबर २०१४ रोजी हुनान दूरदर्शनवर फान बिंगबिंग हिची भव्य मालिका सुरू झाली. ‘चीनची सम्राज्ञी’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने ती जगभर गेली. मूळ ९६ भागांची ही मालिका चीनमधील सर्वांत खर्चिक मालिकांपैकी एक म्हणून गाजली. रेशमी वस्त्रांचे ढीग, रत्नजडित शिरोभूषणे, शेकडो दासदासी आणि डोळे दिपविणारे महाल असा तिचा थाट होता. आता आपल्या धर्मग्रामांतील तरुण मुलेमुलीही अशा परदेशी मालिका पडद्याखाली येणाऱ्या भाषांतराच्या आधारे पाहू लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांनाही या राणीची खरी हकीकत ठाऊक असावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. मालिकेचे परीक्षण करणे हा आमचा उद्देश नाही.

तरीही मालिकेच्या बाबतीत घडलेली एक घटना सांगितली पाहिजे. पहिल्या आठवड्यातच, २८ डिसेंबर रोजी, तांत्रिक कारण पुढे करून तिचे प्रक्षेपण थांबविण्यात आले. १ जानेवारी २०१५ रोजी ती पुन्हा दिसू लागली तेव्हा स्त्रियांच्या खोल गळ्याच्या पोशाखांची दृश्ये कापलेली होती. कात्री अशी चालली होती की कित्येक प्रसंगी पडद्यावर केवळ चेहरेच उरले होते. देशभर थट्टा झाली, वादही रंगला. थांग काळातील दरबारी स्त्रिया तसे पोशाख करीत होत्या, हे त्या काळच्या थडग्यांतील भित्तिचित्रांवरून सिद्ध आहे. मर्यादेचा आग्रह धरणाऱ्यांना आम्ही दोष देणार नाही. परंतु एका गोष्टीचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते. जिच्या सत्तेची वाट इतक्या जणांच्या मृत्यूवरून गेली, तिच्याविषयी लोक वाद घालीत होते तो गळ्याच्या मापाचा!

राजवाड्यातील प्रवास

वू हिचे वडील लाकडाच्या व्यापारातून वर आलेले आणि थांग घराण्याच्या स्थापनेस साह्य करून उच्चपदस्थ झालेले गृहस्थ होते. चौदाव्या वर्षाच्या सुमारास ती सम्राट थायझोंग याच्या अंतःपुरात दाखल झाली. इ. स. ६४९ मध्ये सम्राट निवर्तला. रिवाजानुसार त्याच्या निपुत्रिक उपपत्नींना बौद्ध मठात पाठविण्यात आले आणि वू हिचेही मुंडन झाले. तेथेच तिचे आयुष्य संपावयाचे. पण नवा सम्राट गावझोंग, म्हणजे थायझोंगचाच मुलगा, याने तिला परत राजवाड्यात आणले. इ. स. ६५५ मध्ये वांग ही सम्राज्ञी पदच्युत झाली आणि तिच्या जागी वू आली. वांग आणि श्याव नावाची सम्राटाची आवडती उपपत्नी या दोघींना ठार करण्यात आले. त्यांच्या मृत्यूनंतरही सूड थांबला नाही. वांग कुळाचे आडनाव बदलून ‘अजगर’ या अर्थाचे आणि श्याव कुळाचे आडनाव बदलून ‘घुबड’ या अर्थाचे करण्यात आले. ज्या समाजात पूर्वजांचे नाव हेच माणसाचे सर्वस्व, तेथे ही शिक्षा किती कठोर असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

इ. स. ६६० पासून सम्राट गावझोंग आजारी राहू लागला व राज्यकारभार हळूहळू सम्राज्ञीच्या हाती आला. दरबारात ती पडद्याआड बसून सर्व ऐके आणि लोक त्या पतिपत्नींना ‘दोन अधिपती’ म्हणत. इ. स. ६८३ मध्ये सम्राट वारला. तिसरा मुलगा गादीवर आला, त्याला दोन महिन्यांच्या आत तिने खाली उतरविले. चौथा मुलगा नावापुरता राजा राहिला. अखेर इ. स. ६९० मध्ये तिने थांग घराणे बाजूस सारून ‘झोउ’ घराण्याची स्थापना केली आणि लुओयांग येथून स्वतः सम्राट म्हणून राज्य सुरू केले. स्वतःच्या नावासाठी तिने एक नवे अक्षरही घडविले. पोकळ आकाशावर सूर्य आणि चंद्र एकत्र तळपत आहेत, असे ते ‘झाव’ हे अक्षर होय.

प्रकाश आणि काळोख

तिच्या कारकिर्दीला दोन बाजू आहेत, आणि एकीसाठी दुसरी झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

इ. स. ६७४ मध्ये तिने पतीपुढे बारा सूचना मांडल्या. शेती व रेशीम उद्योगास उत्तेजन द्यावे आणि लोकांवरील ओझे हलके करावे, हा त्यांतील एक भाग. वडील हयात असले तरी मृत आईसाठी मुलांनी वडिलांप्रमाणेच तीन वर्षे सुतक पाळावे, अशीही एक सूचना होती. तोपर्यंत आईच्या वाट्याला एकच वर्ष येत असे. मोठ्या घराण्यांच्या मक्तेदारीला तिने परीक्षांच्या मार्गाने शह दिला. उमेदवारांची परीक्षा तिने स्वतः दरबारात बसून घेतली, आणि इ. स. ७०२ मध्ये सैनिकी पदांसाठीही परीक्षा सुरू केली. दी रेनज्येसारख्या निःस्पृह मंत्र्याचे स्पष्ट बोलणे ती ऐकून घेई. सरकारी नोंदींप्रमाणे इ. स. ६५२ मध्ये देशात ३८ लाख कुटुंबे होती, ती इ. स. ७०५ मध्ये सुमारे ६१ लाख ५० हजार झाली. दुष्काळाने व अंदाधुंदीने पोखरलेल्या राज्यात अशी वाढ दिसत नाही.

दुसरी बाजू भयाण आहे. इ. स. ६८६ मध्ये तिने राजधानीत काशाची एक पेटी बसविली. तिला चार कप्पे होते. त्यांतील एक अन्यायाच्या तक्रारींसाठी, तर एक गुप्त कटांच्या माहितीसाठी होता. चहाडी करू इच्छिणाऱ्याला राजधानीपर्यंत प्रवासाची व भोजनाची सोय सरकारातून मिळे. मग चहाडखोरांना काय तोटा! त्यांच्या माहितीवरून माणसे पकडली जात आणि यातना देऊन कबुली घेतली जाई. या कामातील दोन अधिकारी म्हणजे झोउ शिंग आणि लाय जुनछेन. एके दिवशी लायने झोउला जेवणाच्या वेळी सहज विचारले, की गुन्हेगार कबुली देत नसेल तर काय करावे? झोउने उपाय सांगितला, की मोठा रांजण घेऊन भोवती निखारे पेटवावेत आणि त्या माणसाला आत उतरवावे. तो काहीही कबूल करील. लायने तसा रांजण आणवून निखारे पेटविले आणि नम्रपणे सांगितले, की तुमच्याविरुद्धच तक्रार आली आहे, तेव्हा आपण आत उतरावे. झोउने तत्काळ डोके जमिनीवर टेकून सर्व कबूल केले. स्वतःच्या सापळ्यात स्वतःच सापडणाऱ्यासाठी चिनी भाषेत आजही या रांजणाची म्हण वापरली जाते. पुढे इ. स. ६९७ मध्ये लायचाही शिरच्छेद झाला.

तिची स्वतःची मुलेही या छायेतून सुटली नाहीत. दुसरा मुलगा इ. स. ६८० मध्ये युवराजपदावरून दूर झाला आणि चार वर्षांनी त्याला आत्महत्या करावी लागली.

ग्रंथ काय सांगतात, दगड काय सांगतो

येथे सावधगिरीची एक सूचना आवश्यक आहे. वू झेत्यानविषयीचे मुख्य ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर कितीतरी काळाने तयार झाले. थांग घराण्याचा जुना इतिहास इ. स. ९४५ चा, नवा इतिहास इ. स. १०६० चा, तर सिमा ग्वांग याचा विख्यात बखरग्रंथ इ. स. १०८४ चा. ते लिहिणारे सर्व पुरुष होते, आणि स्त्रीने राज्य करणे हे कोंबडीने आरवण्यासारखे अशुभ, अशी त्यांची धारणा होती. सम्राज्ञी वांग हिच्यावर आळ यावा म्हणून वूने आपल्या तान्ह्या मुलीचा स्वतःच्या हातांनी गळा दाबला, ही कथा सर्वांना माहीत असते. परंतु तिचा सविस्तर वृत्तान्त अकराव्या शतकातील ग्रंथांत, म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षांनी येतो. मूल दगावले असेल. आईनेच मारले, हे आज कोणी शपथेवर सांगू शकत नाही.

दुसरे उदाहरण तिच्या नातीचे. राजकन्या युंगथाय इ. स. ७०१ मध्ये सतराव्या वर्षी मरण पावली. आजीच्या मर्जीतल्या माणसांविषयी कुजबुज केल्यामुळे आजीच्या आज्ञेने तिचा अंत झाला, असे ग्रंथ सांगतात. इ. स. १९६० नंतर तिचे थडगे उत्खननात उघडले गेले, तेव्हा त्यात मृत्युलेखाची शिळा सापडली. त्या लेखातील शब्द तिच्या गर्भारपणाकडे बोट दाखवितात, म्हणून ती प्रसूतीच्या संकटात दगावली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. तिचा भाऊ आणि पती मात्र त्याच प्रकरणात प्राणास मुकले. विद्वानांचा वाद संपलेला नाही. निवाडा करण्यापूर्वी थांबावे, एवढा धडा आपण त्यातून घ्यावा. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही देवाची आज्ञा तेराशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसालाही लागू आहे.

आणखी एक शिळा आम्हां ख्रिस्ती लोकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. इ. स. ६३५ मध्ये अलोपेन नावाचा धर्मोपदेशक सिरियाक भाषा वापरणाऱ्या पौर्वात्य ख्रिस्तसभेकडून छांगआन येथे पोहोचला. केरळातील संत थोमाचे ख्रिस्ती ज्या परंपरेची उपासना शतकानुशतके करीत आले, तीच ही परंपरा. इ. स. ६३८ मध्ये सम्राट थायझोंगने त्यांना मठ बांधण्याची परवानगी दिली. या समाजाने इ. स. ७८१ मध्ये उभारलेला कोरीव लेख इ. स. १६२५ च्या सुमारास सापडला. येशूसंघीय मिशनऱ्यांनी त्याची वार्ता युरोपला कळविली. कमळावर क्रूस कोरलेली ती शिळा आज शीआन येथील संग्रहालयात आहे.

वू झेत्यानने बौद्ध धर्माला राजाश्रय दिला होता. तिच्या राज्यारोहणाला बौद्ध ग्रंथाचा आधार दाखविण्यात आला होता आणि प्रत्येक प्रांतात त्यासाठी मठ स्थापन झाले होते. तिच्या कारकिर्दीच्या अखेरीस, इ. स. ६९८ ते ७०० या वर्षांत, लुओयांगमधील बौद्धांनी ख्रिस्ती लोकांविरुद्ध आवाज उठविला, असे ती शिळा सांगते. छळ सोसलेल्यांची ही साक्ष. तरीही तिच्यात सम्राज्ञीचे नाव नाही आणि शापाचा एकही शब्द नाही. संकट आले, काही धर्मपुरुषांनी धीर धरून मोडलेले पुन्हा उभे केले, एवढे सांगून लेख पुढे जातो. या ख्रिस्तसभेशी रोमचा दुरावा दीर्घकाळ होता. पोप दुसरे जॉन पॉल आणि तिचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी ११ नोव्हेंबर १९९४ रोजी ख्रिस्तविषयक श्रद्धेच्या समान घोषणेवर सह्या केल्या. त्यामुळे छांगआनच्या त्या लहानशा कळपाला आपले भाऊ म्हणताना आज आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही.

सोन्यावर कोरलेली विनवणी

आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो.

इ. स. १९८२ च्या मे महिन्यात हनान प्रांतातील सुंग पर्वतावर एका शेतकऱ्याला सोन्याचा एक पातळ पत्रा सापडला. लांबी सुमारे ३६ सेंटिमीटर, रुंदी ८ सेंटिमीटर आणि वजन पाव किलोहूनही कमी. त्यावर ६३ अक्षरे कोरलेली आहेत, आणि त्यांत सम्राज्ञीने घडविलेली नवी अक्षरेही आहेत. इ. स. ७०० मध्ये, सातव्या चांद्रमासात, तिने हू छाव नावाच्या दूतामार्फत तो पत्रा पर्वतावर टाकविला होता. ताओ पंथाच्या समजुतीनुसार स्वर्ग, पृथ्वी व जल यांचे अधिकारी माणसांच्या अपराधांची नोंद ठेवतात. झोउ देशाची स्वामिनी वू झाव हिच्या नावावरील अपराध त्या नोंदीतून काढून टाकावेत, अशी विनवणी त्या अधिकाऱ्यांना त्यात केलेली आहे.

त्या वेळी तिचे वय शहात्तर होते. तिच्यावर न्यायासन बसवू शकेल असा माणूस पृथ्वीवर नव्हता. पेटीत टाकलेल्या चिठ्ठ्यांवरून इतरांकडून कबुल्या घेणारी तिची यंत्रणा होती. तिला जाब विचारणारे कोणी नव्हते. तरीही, कोणी न विचारता, कोणी रांजण न तापविता, तिने आपल्या नावावर अपराध आहेत हे सोन्यावर कोरून दिले. ही विनवणी ताओ पंथाच्या ठरावीक विधीचा भाग होती आणि दीर्घायुष्याची इच्छाही तिच्यामागे होती, हे आम्ही जाणतो. त्या पत्र्यावर कोणत्याही अपराधाचे नाव नाही आणि कोणत्याही बळीचे नाव नाही. तथापि संत पौलाने रोमकरांस लिहिताना सांगितले आहे, की ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणात देवाचा नियम लिहिलेला असतो आणि त्यांचा विवेक त्यांना साक्ष देतो. त्या साक्षीचा एक सोनेरी पुरावा सुंग पर्वताच्या कपारीत बाराशे ब्याऐंशी वर्षे पडून होता.

इ. स. ७०५ च्या प्रारंभी दरबाऱ्यांनी उठाव करून तिला पदत्याग करावयास लावला. त्याच वर्षाच्या अखेरीस मृत्युशय्येवरून तिने शेवटची आज्ञा दिली. आपली सम्राट ही पदवी काढून टाकावी, आपल्याला केवळ सम्राज्ञी म्हणावे आणि पतीच्या थडग्यात पुरावे, असे तिने सांगितले. त्याच आज्ञेत तिने वांग आणि श्याव यांच्या कुटुंबीयांना, तसेच आपल्याला विरोध केल्यामुळे उद्ध्वस्त झालेल्या काही मंत्र्यांच्या नातलगांना मोकळे केले. इ. स. ६५५ ते ७०५ या पन्नास वर्षांनंतर ती दोन नावे तिच्या ओठांवर पुन्हा आली. सोन्याच्या पत्र्यावर जे नव्हते, ते मृत्युपत्रात आले.

छ्यानलिंग येथील तिच्या समाधीपुढे सात मीटरांहून उंच शिळा उभी आहे. पतीच्या शिळेवर त्याची स्तुती कोरलेली आहे. तिची शिळा मात्र कोरी ठेवली गेली. पुढच्या शतकांतील प्रवाशांनी तिच्यावर आपापले लेख कोरले. कोऱ्या शिळेचे कारण काय, यावर तर्क अनेक आहेत. आम्हांस एवढेच दिसते, की ती जागा रिकामी राहिली म्हणून जो तो ती भरू पाहतो. इतिहासकाराने तेथे राक्षसीण कोरली, तर मालिकेने परिस्थितीने छळलेली निरागस सुंदरी कोरली. राक्षसिणीला पश्चात्ताप होत नाही आणि निरागस माणसाला त्याची गरज नसते. सोन्याच्या पत्र्यावरची स्त्री या दोघींहून वेगळी आहे. ती कर्तबगार आहे, अपराधी आहे, आणि आपला अपराध तिला ठाऊक आहे.

पवित्र शास्त्राने दाविदाच्या बाबतीत हेच केले. उरियाच्या वधाचे पान त्याने कापले नाही, आणि त्या पापामुळे दाविदाचे पराक्रमही पुसले नाहीत. इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीका येथील कत्तलीनंतर मिलानचे बिशप संत अंब्रोज यांनी सम्राट थिओडोसियसला प्रायश्चित्त घेण्यास सांगितले, आणि जगाच्या त्या धन्याने भर मंदिरात सर्वांसमक्ष ते घेतले. वू झेत्यानच्या दरबारात अंब्रोज नव्हता. तिला पर्वताच्या कपारीशी बोलावे लागले.

आपल्याजवळ प्रायश्चित्ताचा संस्कार आहे. त्यासाठी सोने लागत नाही, दूत लागत नाही, आणि पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू नावही विचारीत नाही. परंतु ज्याचे आपण नुकसान केले, त्याचे नाव मात्र आपल्याला विसरता येत नाही. त्याची भरपाई करावी, असे ख्रिस्तसभा सांगते. बांधावरून, विहिरीवरून, वाटणीवरून वीस-वीस वर्षे न बोलणारे भाऊ एकाच मिस्सेला येतात आणि दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडतात, हे आपण सारे पाहतो. त्यांच्या मृत्युपत्रांत जमिनीचे सर्व्हे क्रमांक तंतोतंत लिहिलेले असतात. भावाला मोकळे करणारी ओळ मात्र क्वचितच असते. जिने अर्ध्या जगावर दरारा बसविला, तिला ती ओळ लिहिण्यास पन्नास वर्षे लागली. आपल्यापैकी कोणाजवळ तेवढी वर्षे शिल्लक आहेत, हे देवालाच ठाऊक.